भिंतीला पाठ लावून बसलेली

गेली ना लाइट? जाऊ दे. झेया, तो मोबाइल बंद कर. हनुवटीखाली उजेड धरून भूत व्हायचं सोड, तुझं तोंड उजेडाशिवायच पुरेसं भयाण आहे. तो कंदील असू दे तिकडं कोपऱ्यात. थिरी, आंबवलेल्या चहापाल्याची ताटली सरकव इकडं, आणि शेंगदाणे माझ्या बाजूला कर. हो गं, फोडते की अजून. एकच दात आहे, पण वाघाचा आहे. ऐकलंस? कडकन वाजला.

ती घोंगडी टाक माझ्या पायांवर. पाय गार पडलेत आज. वुटयीला उठवू नका, झोपू दे माझ्या मांडीवर. दिवसभर भुईमूग उपटून दमलीय पोर. तिचे पाय मात्र झाकू नका. उघडेच राहू देत, मला दिसतील असे. का ते सांगते.

आणि कुणाला खाली जाऊन यायचं असेल तर आत्ता जा. मागच्या वेळी झेयानं अर्ध्या गोष्टीतून उठून जिन्यावरूनच काम उरकलं होतं, माझ्या वांग्यांवर. हसू नकोस थिरी, ती वांगी तुझ्याच आईनं नेली.

आज रात कुठली? दिव्यांच्या पुनवेनंतरची आठवी. चंद्र निम्मी रात उलटल्याशिवाय उगवायचा नाही. सहा वर्षांपूर्वीही हीच रात होती, वार सोमवार. आता म्हणाल, म्हातारी थापा मारतेय. पाण्याच्या सणाला मी तुमच्या तांदळाच्या रांजणात बसून हाका मारल्या होत्या, ते मला कबूल आहे. सरपंचाच्या टोपीत बेडूक ठेवला, तेही कबूल. पण हे तसं नाही. हे माझ्या भाच्याच्या बाबतीत घडलं, आणि निम्मं तर माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

भाचा म्हणजे तिन च्वे. वुटयीचा बाप. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा एवढासा होता, मीच वाढवला. तुम्ही त्याला बघताय तो आत्ताचा. बॅटरीची रिक्षा चालवतो, खाली मान घालून येतो, खाली मान घालून जातो. तेव्हा असा नव्हता. घोडागाडी होती त्याची, न्यो नावाची तपकिरी घोडी होती, आणि तोंड असं सुटलेलं की माझ्यावर ताण! पहाटे परदेशी पाहुण्यांना भरून ह्या देवळावर सूर्य उगवताना दाखवायचा, संध्याकाळी त्या देवळावर मावळताना दाखवायचा. देवळं काय, साऱ्या ब्रह्मदेशात नाहीत एवढी, तीन हजार, पडलीत आपल्या बगानात. पाहुणे दमायचे, घोडी दमायची, ह्याची जीभ दमायची नाही.

तो मोठा भूकंप झाला ना, शिखरं खाली आली, तेव्हाची गोष्ट. प्वासॉ गावाच्या वाटेवर वळणाला पाच बारकी देवळं आहेत बघा, ज्यांना नाव नाही, नुसता दगडावर नंबर घातलाय. तिथं चढावर ह्याची गाडी मागं सरकायला लागली. ह्यानं उडी मारली, रस्त्यात पडलेली एक वीट उचलली आणि चाकामागं अडकवली. वीट अशी बसली, जशी त्याच कामाला भाजलेली. आवडली त्याला. सीटखाली टाकून दिली. पुढं जिथं गाडी थांबवायची तिथं तीच वीट.

मी एकदा बघितली. म्हटलं, "मेल्या, ही देवळाची दिसते."

"देवळाची कसली मावशी, रस्त्याची आहे. रस्त्यात पडली होती."

आता बघा. आपण देवळाच्या आवारातून निघताना काय करतो? तळपाय झटकतो. एक हा, एक तो. देवाच्या अंगणातला मातीचा कण आपल्या घरी जायला नको म्हणून. तिन च्वेही झटकायचा. पाहुण्यांनाही झटकायला लावायचा. आणि स्वतःच्या सीटखाली अख्खी वीट.

तीन वर्षं.

मग वुटयी सहाची झाली. त्या पावसाळ्यात एक दिवस सकाळी तिची आई, मा खिन ऊ, तिचे पाय धूत होती. मला म्हणाली, "मावशी, ही कुठं खेळते हो? तळवे बघा." तळवे लाल. कुंभाराच्या पोरीचे असतात तसे. म्हटलं, पोर आहे, खेळत असेल. धुतले.

दुसऱ्या दिवशी परत.

तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत.

आपली घरं खांबांवर. रात्री जिना वर ओढून घेतो, दाराला आतनं कडी. जाणार कुठून? तरी मा खिन ऊनं तिला मध्ये झोपवलं, इकडनं आई, तिकडनं बाप. सकाळी पाय लाल. मग एक रात्र आपल्या मनगटाला आणि पोरीच्या पायाला दोरा बांधून झोपली. सकाळी दोरा तसाच, गाठ तशीच. आणि दोऱ्याखाली पाय लाल. बारीक भुकटी. चिमटीत घेतली तर विटेची.

पोर वाळायला लागली. दिव्यांची पुनव आली तेव्हा पोरं फुगे उडवत होती, ही अंथरुणात. ताप. दवाखान्यात रक्त तपासलं, काही नाही. गोळ्या दिल्या, उतरला नाही. शेवटी आम्ही विहारातल्या भन्तेंना बोलावलं. त्यांनी पोरीचे पाय बघितले. मग विचारलं, "घरात देवळाचं काही आहे का?"

"नाही भन्ते," तिन च्वे म्हणाला. आणि खोटंही नव्हतं. घरात नव्हतंच, गाडीत होतं.

मी त्याच्याकडं बघितलं. मा खिन ऊनं माझ्याकडं बघितलं. ती उठली, खाली गेली, आणि दोन्ही हातांनी ती वीट घेऊन जिना चढून आली. नवऱ्यापुढं ठेवली. म्हणाली, "को च्वे, पायाचा कण झटकता तुम्ही. आणि ही?"

माझ्यासारख्या बाईला त्यावर हसू यायला हवं होतं. आलं नाही.

भन्ते म्हणाले, "आज आठवी आहे. आजची रात सरायच्या आत जिथली तिथं नेऊन ठेव. आपल्या हातानं. क्षमा माग आणि निघून ये. आणि एक लक्षात ठेव, तिथं तोंड बंद ठेव. देवळात माणूस जे बोलतो ते दान होतं. दिलेलं दान परत मागता येत नाही."

कळलं ना? तोंड बंद. आणि सांगितलं कुणाला, तर तिन च्वेला.

आता अजून एक गोष्ट, ती मला सांगायला नको वाटते. पण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी ह्या पोरीला रोज चिडवायचे. म्हणायचे, "हिला मी घेऊन जाणार. माझे पाय चेपायला ठेवणार. काय रे तिन च्वे, पोरगी देतोस?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "ने की मावशी. आजच ने. भात तरी वाचेल." मग ही गाल फुगवून बसायची, गालावरचा थनाख्याच्या सालीचा लेप तडकायचा, आणि आम्ही दोघं हसायचो. दिवसातनं दोनदा तरी. वर्षानुवर्षं. तोंडाला सवय झालेली. झोपेत विचारलं असतं तरी त्यानं तेच म्हटलं असतं.

असो.

दिवसाढवळ्या वीट नेली तर चार लोक बघणार, देवळाचा चोर म्हणून नाव जाणार. म्हणून अंधार पडल्यावर, साडेसहाला, त्यानं न्योला जुंपलं. वीट पांढऱ्या फडक्यात बांधली. मेणबत्त्या, फुलं घेतली. मला म्हणाला, "मावशी, चल ना सोबत."

तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. मला बघवेना. मला दुसरं काय येतं? मी थट्टा केली. म्हटलं, "माझे गुडघे दुखतात बाबा. पण तू हो पुढं, येतेच मी मागनं. अंधारात बसून राहीन आणि तुझी लुंगी ओढीन."

हसला. तेवढंच हवं होतं मला.

आतून मा खिन ऊ ओरडली, "तुम्ही दोघं मेल्यावर तरी सुधाराल का?"

तो गेला. मी पोरीपाशी बसले.

आता तिकडचं सांगते. हे तिन च्वेनं मला सांगितलं, एकदाच. परत कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

वळणाला पोचला तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. दोन्हीकडं तीळ कापून झालेली रानं, मध्ये बाभळी, आणि ती पाच देवळं. पाचही काळी. घोडी बाभळीला बांधली. चपला तिथंच काढल्या. पहिल्या देवळाच्या भिंती हातानं चाचपल्या, कुठं खाच नाही. दुसऱ्याच्याही नाही. तिसऱ्याचं दार एवढंसं, वाकून शिरायचं. मेणबत्ती पेटवली. आत पाऊल टाकलं आणि विझली. परत पेटवली. परत विझली. वारा येत होता. बाहेरून नाही. आतून.

मोबाइलची बॅटरी संपत आलेली, म्हणून त्यानं तो खिशातच ठेवला. म्हणाला, दोन मिनिटांचं तर काम.

काळोखात उभा राहिला. वीट छातीशी धरून.

"उशीर केलास."

बाईचा आवाज. समोरून. जरा खालून, बसलेल्या माणसाचा येतो तसा.

तो एक पाऊल मागं सरला. आणि मग... मग त्याला हसू फुटलं. कारण आवाज माझा होता.

"मावशी! आलीस होय? आणि गुडघे दुखत होते ते?"

"दुखतात."

"मग आलीस कशी? कुणाच्या मोटरसायकलवर बसून?"

गप्प.

"इथंच बसलेय," आवाज म्हणाला. "लई दिवस."

"हो, हो. लई दिवस. म्हातारे, घाबरवायचं तर नीट तरी घाबरव. तिकडं पोरगी आजारी आणि तुला नाटकं सुचतात."

"वीट आणलीस?"

"आणलीय. कुठं ठेवू?"

"माझ्या पाठीमागं."

"मग सरक."

"सरकता येत नाही. भोक पडलंय. मी पाठ लावून बसलेय."

तिन च्वे म्हणाला, इथं त्याला जरा कसंसंच वाटलं. आवाज माझाच. बोलणं माझ्यासारखंच. पण मधले थांबे... मी बोलताना एवढी थांबत नाही. तुम्हाला माहीतच आहे.

"ऊठ आता मावशी. पुरे झालं."

"दुसरं कुणी बसलं तर उठेन."

"अगं ऊठ गं..."

आतला वारा थांबला. बाहेर घोडी खूर आपटायला लागली.

"पोरगी देतोस?"

आणि त्या गधड्यानं... त्या माझ्या लेकरानं... जे रोज म्हणायचा तेच म्हटलं.

"ने की. आजच ने. भात तरी वाचेल."

समोरून श्वास सोडल्याचा आवाज. लांब. डोक्यावरची पाटी उतरवली की बाई सोडते तसा.

झेया, खाणं थांबव. आता इकडचं सांगते. हे मी बघितलंय.

सात वाजून वीस मिनिटं. मला नक्की माहीत आहे, शेजारी टीव्हीवर मालिकेचं गाणं लागलं होतं. वुटयी तापात पडलेली. मी कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. मा खिन ऊ चुलीपाशी.

पोरीनं डोळे उघडले.

"हो," म्हणाली. स्पष्ट. कुणीतरी हाक मारल्यावर म्हणतो तसं. "आले."

आणि उठून बसली. चार दिवस जिला मान उचलता येत नव्हती ती. मी म्हटलं, "काय गं बाळ? पाणी?" माझ्याकडं बघितलं नाही. दारापाशी गेली. उंबऱ्याशी थांबली. आणि एक पाय उचलला. हातानं तळवा झटकला. मग दुसरा.

कळतंय का तुम्हाला? देवळातून निघताना आपण करतो ना... तसं. आपल्या घराची माती झटकली तिनं. आमचा एक कण बरोबर नको म्हणून.

मी धावले. कमरेला मिठी मारली. सहा वर्षांची पोर, तापानं वाळलेली. आणि मला ओढत चालली. मी, तेव्हा चांगली जाडजूड होते, मला. अंग गार. सावलीतल्या भिंतीला गाल लावल्यावर लागतं तसं. गार आणि खरबरीत. मी ओरडले, "मा खिन ऊ! त्याला फोन लाव! लाव फोन!"

तिकडं तिन च्वेचा खिसा वाजला.

तो काळोखाकडं बघून म्हणाला, "आता फोन कशाला करतेस, मावशी? समोरच तर बसलीयेस."

आणि फोन कानाला लावला. त्यात मी.

"तिन च्वे! कुठं आहेस? पोरीला काहीतरी होतंय! लवकर ये!"

"मावशी?"

"मग कोण! मी घरी आहे, गधड्या! तू कुणाशी बोललास? काय बोललास?"

त्यानं फोन कानावरून काढून पुढं धरला.

फोनच्या पडद्याचा उजेड समोर पडला होता. भिंत. भिंतीत गुडघ्याच्या उंचीला एका विटेचं भोक. भोकाखाली जमिनीवर धूळ. आणि धुळीत बसल्याची जागा. गोल. गुळगुळीत. वर्षानुवर्षं एकाच जागी कुणी बसल्यावर होते तशी.

कुणी नव्हतं.

मा खिन ऊनं फोनचा आवाज मोठा केला होता. त्यामुळं पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. तिन च्वे रडत होता. "थट्टा होती," म्हणत होता. "मी मावशी समजलो. थट्टा होती ती. माझी पोर... थट्टा होती."

आणि त्याच फोनमधून माझाच आवाज आला.

"माझी थट्टा नव्हती."

...

मी सत्तरी ओलांडलेली बाई. लोकांना घाबरवण्यात जन्म गेला. आपलाच आवाज आपण नसलेल्या ठिकाणाहून ऐकणं काय असतं, ते तुम्हाला नाही सांगता यायचं.

परत तो आवाज. हळू.

"मलाही बापानंच दिलं होतं."

जुन्या शिलालेखांत असतं ना, अमुक राजानं देवळाला एवढी शेतं दिली, एवढी गुरं दिली, एवढी माणसं दिली, त्यांची पोरंबाळं दिली. आपण वाचत नाही, पाहुणे फोटो काढतात. ती माणसं. त्यातली कुणीतरी.

वुटयी जिन्याच्या तोंडाशी पोचली होती. जिना वर ओढलेला. खाली नुसता काळोख. एक पाय हवेत. मा खिन ऊ एका हाताला लोंबकळतेय, मी कमरेला. आणि मला कळलं, ही आता जाणार. आपण दोघी धरून राहू, आणि ही आपल्या हातांतून जाणार.

मग मी काय केलं? मला जे येतं ते. मी मा खिन ऊला ओरडले, "फोन माझ्या तोंडाशी धर!" आणि बोलले.

"ए बाई. ऐकतेस का? आवाज माझा चोरलास, मग माझ्याशी बोल. त्या गाढवाशी काय बोलतेस? ती थट्टा त्याची नाही. माझी आहे. मी शिकवली त्याला. रोज शिकवली. ज्याची थट्टा त्यानं निस्तरायची. पोरीला सोड. मी येते बसायला."

पोरीचा पाय हवेतच.

"कधी?" आवाज म्हणाला.

आता मी येडी नाही. आज येते म्हणाले असते तर आजच गेले असते. डोकं चालवलं. तेव्हा माझ्या तोंडात सात दात होते, सुपारीनं काळे पडलेले, पण खुंट्यासारखे घट्ट. आमच्या घरात बाया दातांसकट जातात. माझी आई चौऱ्याऐंशीव्या वर्षी ऊस चावत गेली.

म्हटलं, "माझा शेवटचा दात पडला की येते."

लांबवर न्यो खिंकाळली, ते फोनमध्ये ऐकू आलं.

"किती आहेत?"

"सात."

"मोजते."

तेवढंच. आणि पोर माझ्या हातांत ढासळली. घामानं चिंब. ऊन ऊन अंग, माणसाचं. "आजी," म्हणाली, "भूक लागली." मा खिन ऊ तिथंच जमिनीवर बसून रडायला लागली. मीही रडले असेन. आठवत नाही.

तिकडं तिन च्वेनं वीट भोकात सरकवली. म्हणाला, ढकलावीच लागली नाही. आतनंच कुणी ओढून घेतली. सकाळी भन्तेंना घेऊन गेला तर कुठली वीट ते ओळखता येईना. चुन्याचा सांधा जुना, वाळलेला, त्यावर शेवाळ. आणि खालची धूळ सपाट. सारवल्यासारखी.

वुटयीचा ताप गेला. पाय परत कधी लाल झाले नाहीत. खाऊन पिऊन बघा कशी म्हशीसारखी पसरलीय. बारा वर्षांची झाली. न्यो मात्र त्या वळणावरून परत कधी गेली नाही, शेवटी विकली. आणि तिन च्वेची जीभ त्या रात्री जी गेली ती गेलीच. दर वर्षी ह्या रात्री तो तिथं जातो, दिवे लावतो, उजाडेपर्यंत तोंड मिटून बसतो. आज दिसला का तुम्हाला घरी? तिथंच आहे तो आत्ता.

आणि मी? मी खूश होते. सांगू का, लई खूश होते. भुताला गंडवलं म्हटलं. एवढी म्हातारी झाले, माणसं गंडवली, आता भूतही गंडवलं! सकाळी उठून तोंड धुतलं.

दात सहा.

दुखलं नाही, रक्त नाही. अंथरूण झटकलं. बांबूच्या फटीतून खाली पडला असेल म्हणून घराखाली चाळणीनं माती चाळली. नाही सापडला. म्हटलं, असेल. म्हाताऱ्या माणसाचा दात पडतोच.

पुढच्या वर्षी, दिव्यांची पुनव, नंतरची आठवी. सकाळी पाच.

मग चार.

मग तीन. दोन. मागच्या वर्षी एक. एरवी वर्षभर खडे चावा, ऊस चावा, काही होत नाही. ह्या एका रात्रीत एक जातो. कुठं जातो, माहीत नाही.

म्हणून तुम्हाला आज बोलावलं. चहापाला खायला नाही काही. मला आज झोपायचं नाहीये. जागी राहिले, तुमच्यात बसले, बोलत राहिले, तर कदाचित... बोलणाऱ्या बाईच्या तोंडातून कोण काढणार दात? काय थिरी? बरोबर ना?

हसा की रे. झेया, तू तरी हस. अरे, म्हातारीनं रचलेली गोष्ट आहे, म्हणा. हवं तर दात दाखवते. हा बघा... हा...

...

थांबा.

...

शेंगदाण्याबरोबर गिळला गेला असेल. आत्ता तर होता. गोष्ट सुरू करताना कडकन... थिरी, तू ऐकलास ना?

कुणी हलू नका. वुटयी, ए बाळ. ऊठ. ऊठ गं. अशी मूठ का आवळलीयेस झोपेत? उघड बघू. उघड...

...

एक दात. आणि चिमूटभर लाल भुकटी.

नाही झेया. नाही रे. थट्टा नाही ही. आईशपथ, माझी नाही.

तिचे पाय बघ आधी. वुटयीचे. स्वच्छ आहेत? नीट बघ. दोन्ही? बरं. बरं झालं. मग पोरीचं काही नाही. वचन पाळलं त्या बाईनं.

काय? कंदील कशाला? नको. राहू दे तिकडंच. इकडं नको आणूस म्हटलं ना...

घोंगडी ओढू नकोस, थिरी. माझे पाय दिसतील.